विस्कॉन्सिन: नोव्हेंबरची मते अडली, एप्रिलची लागू पडली

6 नोव्हेंबर 2018 रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एकाच मतपत्रिकेवर दोन परस्परविरोधी निकाल लागले. गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी ऑफ स्टेट, खजिनदार आणि वॉशिंग्टनच्या सिनेटची जागा, अशी राज्यभरातून निवडली जाणारी सगळी पदे डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकली. राज्याच्या विधानसभेसाठी त्याच पक्षाच्या उमेदवारांना एकूण सुमारे 53 टक्के मते पडली, पण 99 पैकी जागा मिळाल्या फक्त 36. रिपब्लिकन पक्षाकडे 63 राहिल्या. काही मतदारसंघांत रिपब्लिकन उमेदवारच उभा नव्हता, त्यामुळे 53 चा आकडा जरा फुगलेला आहे. तरी तो कितीही खाली ओढला, तरी 36 चा हिशेब लागत नाही.

मत देऊन अमेरिकेत खरोखर काही बदलते का, या प्रश्नावर वाद घालणाऱ्यांनी हे एक प्रकरण नीट पाहावे. इथे बदल झाला, आणि तो मतपेटीतूनच झाला. पण त्याला 2011 ते 2024 अशी तेरा वर्षे लागली. जी मते निर्णायक ठरली ती बहुतेकांचे लक्ष असते त्या निवडणुकीतली नव्हती.

मूळ भानगड नकाशाची. आपल्याकडे मतदारसंघांची फेररचना परिसीमन आयोग करतो आणि त्याच्या अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात. विस्कॉन्सिनमध्ये ते काम खुद्द विधिमंडळ करते. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की नकाशा साध्या कायद्यासारखा मांडला जातो, दोन्ही सभागृहे तो मंजूर करतात आणि गव्हर्नर सही करतो किंवा नकाराधिकार वापरतो. ज्याला निवडून यायचे आहे, त्यानेच आपले मतदार निवडायचे, अशी ही सोय आहे. विधिमंडळ आणि गव्हर्नर वेगवेगळ्या पक्षांचे असले की ती जरा ताब्यात राहते, कारण मग भांडण न्यायालयात जाते.

2010 च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने गव्हर्नरपद आणि दोन्ही सभागृहे एकदम जिंकली. अडवणारे कोणी उरले नाही. नवा नकाशा राजधानी मॅडिसनमध्ये, विधान भवनासमोरच्या एका खासगी कायदा फर्मच्या कार्यालयात तयार झाला. रिपब्लिकन आमदारांना एकेकटे बोलावून त्यांचा मतदारसंघ दाखवला गेला आणि त्याआधी गोपनीयतेच्या करारावर सही घेतली गेली. प्रत्येक आराखड्यात कोणता मतदारसंघ किती टक्के कोणाकडे झुकतो, हे आधीच्या निवडणुकांच्या आकडेवारीवरून काढण्यासाठी एका प्राध्यापकाने संख्याशास्त्रीय प्रारूप करून दिले होते. 9 ऑगस्ट 2011 रोजी गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी सही केली.

तंत्र अवघड नाही. समजा पाच मतदारसंघ आहेत, प्रत्येकात 100 मतदार, आणि 500 मतदार दोन पक्षांत निम्मे निम्मे, म्हणजे 250-250. 'अ' पक्षाचे 90 मतदार एकाच मतदारसंघात कोंबायचे. उरलेले 160 बाकीच्या चारांत चाळीस-चाळीस पसरवायचे. 'अ' एक जागा 90-10 अशी जिंकतो आणि चार जागा 40-60 अशा हरतो. मते समान, जागा 1 विरुद्ध 4. यात कोणाचेही मत चोरले जात नाही, कोणतेही यंत्र बिघडवले जात नाही, मोजणी अगदी चोख होते. म्हणूनच निवडणुकीच्या दिवशी यावर कोणाला बोट ठेवता येत नाही.

शबॉयगन या शहरात ते जवळून दिसते. मिशिगन सरोवराकाठचे हे शहर साधारण 49,000 लोकसंख्येचे. 2010 च्या जनगणनेनुसार एका विधानसभा मतदारसंघात सुमारे 57,400 लोक बसायला हवे होते. म्हणजे अख्खे शहर आणि भोवतालची थोडी वस्ती घेतली की एक मतदारसंघ आपोआप होतो, आणि पूर्वी तसाच होता. 2011 च्या नकाशाने शहराचे दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला भोवतालचा रिपब्लिकन ग्रामीण भाग जोडला. कामगारवस्तीची मते दोन्हीकडे अल्पमतात गेली. 2024 च्या नकाशात शहर पुन्हा एकत्र आले आणि तिथून डेमोक्रॅटिक उमेदवार निवडून आला. मधल्या काळात त्या शहरातल्या लोकांची मते फार बदलली होती असे नाही. बदलली ती रेषा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. डेमोक्रॅटिक मतदार मिलवॉकी आणि मॅडिसन या दोन शहरांत दाटीवाटीने राहतात. त्यामुळे अगदी निःपक्ष माणसाने नकाशा काढला तरी रिपब्लिकन पक्षाला थोडा फायदा मिळतोच. वाद त्या नैसर्गिक झुकावावर लादलेल्या कृत्रिम झुकावाचा आहे. 2012 मध्ये रिपब्लिकन पक्षाला 48.6 टक्के मतांवर 60 जागा मिळाल्या आणि 2014 मध्ये 52 टक्क्यांवर 63. मते जवळपास साडेतीन टक्क्यांनी हलली, जागा तीनने. निवडणूक कशीही गेली तरी सत्ता तिथेच राहावी, अशी ही बांधणी होती.

आता गव्हर्नर बदलून काय साधले ते पाहू. टोनी एव्हर्स यांनी 2018 मध्ये वॉकर यांना सुमारे 29,000 मतांनी हरवले. त्यांनी पद घ्यायच्या आधीच, डिसेंबरात, जुन्या विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन नव्या गव्हर्नरचे आणि ॲटर्नी जनरलचे अधिकार कापणारे कायदे केले आणि जाता जाता वॉकर यांनी त्यांवर सही केली. पुढे नोव्हेंबर 2019 मध्ये एव्हर्स यांनी बंदूक नियंत्रणाच्या दोन विधेयकांसाठी विशेष अधिवेशन बोलावले. घटनेप्रमाणे ते बोलावण्याचा अधिकार गव्हर्नरचा, पण काम करायचे की नाही हे सभागृहाच्या हाती. दोन्ही सभागृहांनी हातोडा आपटून अधिवेशन सुरू केले आणि चर्चा न करता लगेच बंद केले. गव्हर्नरपदाचा उपयोग नकाराधिकारापुरता उरला. तोही एका मर्यादेपर्यंत, कारण विधानसभेत 66 आणि राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, 22 मते जमली की नकाराधिकार मोडता येतो. 2022 मध्ये एव्हर्स तीन टक्क्यांहून अधिक फरकाने पुन्हा जिंकले. त्याच दिवशी रिपब्लिकन पक्षाचे बळ सिनेटमध्ये 22 आणि विधानसभेत 64 झाले. दोन जागा कमी पडल्या, एवढेच.

मग उपाय कोणता? शेजारच्या मिशिगन राज्यात नागरिकांनी सह्या गोळा करून 2018 च्या मतपत्रिकेवर प्रस्ताव आणला आणि नकाशा काढण्याचे काम स्वतंत्र आयोगाकडे सोपवले. विस्कॉन्सिनमध्ये नागरिकांना असा प्रस्ताव आणायचा अधिकारच नाही. घटनादुरुस्तीसाठी लागोपाठच्या दोन विधिमंडळांनी तोच मसुदा मंजूर करावा लागतो आणि मगच तो जनतेपुढे येतो. म्हणजे किल्ली पुन्हा त्यांच्याच खिशात. अनेक काउंट्यांमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये, निःपक्ष नकाशाच्या बाजूने सल्लात्मक सार्वमत झाले आणि लोकांनी भरभरून मते दिली. पण ते बंधनकारक नव्हते, आणि विधिमंडळाने त्यांची दखल घेतली नाही. मतदानावरचा विश्वास उडायला याहून चांगले कारण सापडणार नाही.

संघीय न्यायालयाचा रस्ताही बंद झाला. निवृत्त कायदा प्राध्यापक विल्यम व्हिटफर्ड आणि इतरांनी केलेल्या दाव्यात 2016 मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने नकाशा घटनाबाह्य ठरवला. जून 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवले. मुद्दा तांत्रिक होता, पण शिकण्यासारखा. व्हिटफर्ड मॅडिसनमध्ये राहत होते, आणि त्यांचा स्वतःचा मतदारसंघ कोणत्याही नकाशात डेमोक्रॅटिकच राहिला असता. मग त्यांच्या मताचे नुकसान कुठे झाले, असा न्यायालयाचा सवाल होता. राज्यभराची आकडेवारी पुरेशी नाही, वादीने आपल्याच मतदारसंघात झालेली इजा दाखवली पाहिजे, असे त्याने सांगितले. ते दाखवण्याची तयारी चालू असतानाच 27 जून 2019 रोजी त्याच न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगून टाकले की पक्षीय नकाशेबाजीचे दावे संघीय न्यायालयांनी ऐकायचेच नाहीत. ते राज्यांनी आपापल्या घटनांनुसार पाहावे.

इथे सगळ्यांचे लक्ष राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे वळले. खरे तर ते आधीच वळायला हवे होते.

विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीश असतात आणि ते लोकांच्या मतांनी निवडले जातात. मुदत दहा वर्षांची. निवडणूक एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी, मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नाही, आणि एका वर्षी एकाहून जास्त जागा भरता येत नाही. मतदारसंघ म्हणजे अख्खे राज्य. ही शेवटची बाब कळीची आहे, कारण राज्याची बाह्य सीमा कोणाला वेडीवाकडी कापता येत नाही. नकाशाचा हात न पोचणारी आणि तरीही नकाशावर निर्णय देऊ शकणारी ही एकच संस्था होती. गव्हर्नरही राज्यभरातून निवडला जातो, पण जुना नकाशा रद्द करण्याचा अधिकार त्याला नाही.

आता एप्रिल 2019 पाहा. नोव्हेंबर 2018 मध्ये सुमारे 26 लाख 70 हजार लोकांनी मत दिले होते. पाच महिन्यांनी न्यायाधीशाच्या निवडणुकीला आले जेमतेम 12 लाख. निम्म्याहून अधिक मतदार घरी बसले, आणि पुराणमतवादी, म्हणजे रिपब्लिकन गोटाला जवळच्या, ब्रायन हेगडॉर्न यांनी उदारमतवादी, म्हणजे डेमोक्रॅटिक गोटाला जवळच्या, लिसा न्यूबाउअर यांना सुमारे 6,000 मतांनी हरवले. पुढच्याच वर्षी, कोविडच्या पहिल्या लाटेत, मिलवॉकीत सुमारे 180 ऐवजी फक्त पाच मतदान केंद्रे उघडी असताना, लोक मास्क लावून तासन्‌तास रांगेत उभे राहिले आणि उदारमतवादी जिल कारोफ्स्की दहा टक्क्यांहून अधिक फरकाने निवडून आल्या. न्यायालय 4-3 झाले, पुराणमतवाद्यांच्या बाजूने. 2019 चे ते 6,000 मतांचे अंतर भरून निघाले असते, तर 2020 मध्येच बहुमत पलटले असते.

त्याची किंमत 2021-22 मध्ये मोजावी लागली. नव्या जनगणनेनंतर एव्हर्स यांनी विधिमंडळाच्या नकाशावर नकाराधिकार वापरला आणि वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात आला. न्यायालयाने 4-3 ने ठरवले की जुन्या नकाशात कमीत कमी बदल करायचा. जुना नकाशाच वाकडा असेल तर कमीत कमी बदल म्हणजे तो वाकडेपणा जपणे. निर्णायक मत हेगडॉर्न यांचे होते. हेच हेगडॉर्न डिसेंबर 2020 मध्ये तीन उदारमतवादी न्यायाधीशांच्या बाजूने उभे राहिले होते आणि दोन लाखांहून अधिक मतपत्रिका बाद करण्याची ट्रम्प यांची मागणी 4-3 ने फेटाळली गेली होती. त्यांना पक्षाचा हुकमी एक्का म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण नकाशाच्या बाबतीत परिणाम व्हायचा तोच झाला, आणि थोड्याशा डागडुजीनिशी 2011 चा नकाशा 2022 ला पुन्हा लागू झाला.

4 एप्रिल 2023 ची निवडणूक सगळ्यांना काय पणाला लागले आहे हे ठाऊक असताना झाली. उदारमतवादी उमेदवार जेनेट प्रोटासेविट्झ यांनी प्रचारातच नकाशे लबाडीचे आहेत असे म्हटले. गर्भपातबंदीचा 1849 चा कायदा पुन्हा डोके वर काढून उभा होता, तोही मुद्दा होता. खर्च 5 कोटी डॉलरच्या वर गेला. मतदान 18 लाखांच्या पुढे गेले, म्हणजे 2019 च्या दीडपट, आणि प्रोटासेविट्झ 11 टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. 1 ऑगस्टला त्यांनी शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी नकाशाविरुद्ध याचिका दाखल झाली.

लगेच रिपब्लिकन नेत्यांकडून महाभियोगाची धमकी आली. त्यातली खोच अशी: विस्कॉन्सिनच्या घटनेनुसार विधानसभेने साध्या बहुमताने महाभियोग मंजूर केला की सिनेटचा निकाल लागेपर्यंत त्या न्यायाधीशाला काम करता येत नाही. सिनेटने खटलाच चालवला नाही तर खुर्ची नुसती रिकामी राहते आणि न्यायालय 3-3 होते. दहा लाखांहून अधिक मतांनी निवडून आलेली व्यक्ती एकही निकाल न देता बाजूला बसवता आली असती. विधानसभेचे रिपब्लिकन स्पीकर रॉबिन व्हॉस यांनी निवृत्त न्यायाधीशांचा सल्ला घेतला, त्यांच्याच विचारांच्या माजी न्यायाधीशांनी हे करू नका असे सांगितले, आणि पाऊल मागे घेतले गेले.

याचिकेतला कायद्याचा मुद्दा फार विचारपूर्वक निवडलेला होता. पक्षीय अन्यायाचा मुद्दा न्यायालयाने घेतलाच नाही. घेतला तो संलग्नतेचा. राज्यघटना म्हणते की विधानसभेचा मतदारसंघ सलग भूभागाचा असला पाहिजे. शहरांनी वर्षानुवर्षे आजूबाजूच्या जमिनी हद्दीत घेतल्याने नकाशात सुटी बेटे तयार झाली होती. 99 पैकी किमान 50 आणि सिनेटच्या 33 पैकी किमान 20 मतदारसंघांत असे तुटलेले तुकडे होते. मॅडिसनजवळच्या 47 व्या मतदारसंघात तर डझनाहून अधिक, आणि त्यांत हजारो लोक राहणारे. एका तुकड्यातून त्याच मतदारसंघाच्या दुसऱ्या तुकड्यात जायचे तर मध्ये परका मतदारसंघ ओलांडावा लागे. 22 डिसेंबर 2023 रोजी 4-3 ने नकाशा रद्द झाला. विरोधी मतातल्या न्यायाधीशांनी कडक भाषेत म्हटले की न्यायाधीश बदलले म्हणून कायदा बदलला. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. याच पद्धतीच्या नकाशांवर अनेक वर्षे कोणी हरकत घेतली नव्हती. पण घटनेतले शब्द तिथे होते आणि तुकडेही तिथे होते.

न्यायालयाने विधिमंडळाला सांगितले की तुम्ही नकाशा करा, नाहीतर आम्ही करू. न्यायालयाने नेमलेल्या दोन तज्ज्ञांनी आलेले आराखडे तपासून फेब्रुवारी 2024 मध्ये विधिमंडळाचा आणि त्याच्याशी जवळीक असलेल्या एका कायदा संस्थेचा आराखडा पक्षीय ठरवला. उरले चार. त्यांतला एव्हर्स यांचा आपल्याला सर्वांत कमी त्रासाचा, असा हिशेब करून रिपब्लिकन विधिमंडळाने चक्क तोच मंजूर केला. बहुतेक डेमोक्रॅटिक आमदारांनी यात काही डाव असेल या संशयाने विरोधात मत दिले. 19 फेब्रुवारी 2024 रोजी एव्हर्स यांनी सही केली.

नोव्हेंबर 2024 मध्ये ट्रम्प यांनी विस्कॉन्सिन सुमारे 29,000 मतांनी जिंकले. देशभर डेमोक्रॅटिक पक्षाची पीछेहाट झाली. त्याच दिवशी इथे मात्र त्यांच्या विधानसभेतल्या जागा 35 वरून 45 झाल्या आणि सिनेटमधल्या 11 वरून 15. बहुमत रिपब्लिकन पक्षाकडेच राहिले, 54-45 आणि 18-15. राज्याचा कौल जवळजवळ निम्मा-निम्मा आणि किंचित रिपब्लिकन होता, सभागृहेही तशीच झाली. नकाशा सुधारण्याचा अर्थ आपला पक्ष जिंकणे असा ज्यांनी घेतला होता त्यांची निराशा झाली. आमच्या मते हाच निकाल नकाशा ठीक असल्याचा पुरावा आहे.

एवढ्याने कारभारात काय फरक पडला? जुलै 2025 चा अर्थसंकल्प पाहा. सिनेटमध्ये 18 रिपब्लिकन. त्यांतले चार फुटले. पूर्वीच्या 22 मध्ये चार फुटले असते तरी 18 उरले असते आणि काम भागले असते. आता 14 वर अडले, आणि मंजुरीला 17 लागतात. म्हणून डेमोक्रॅटिक सिनेट नेत्या डायॅन हेसलबाइन यांना वाटाघाटीच्या खोलीत बोलवावे लागले. पाच डेमोक्रॅटिक मते मिळून अर्थसंकल्प 19-14 ने मंजूर झाला आणि विद्यापीठ व्यवस्थेला दोन वर्षांसाठी 25 कोटी 60 लाख डॉलर जास्त मिळाले. अनेक वर्षे बाहेर बसलेल्या बाजूला खुर्ची मिळाली ती अशी. त्याच सुमारास, 2 जुलैला, न्यायालयाने 4-3 ने 1849 चा गर्भपातबंदीचा कायदा निष्प्रभ ठरवला.

न बदललेले पुष्कळ आहे. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेचा पूर्ण विस्तार अजूनही न केलेल्या दहा राज्यांत विस्कॉन्सिन आहे. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहातल्या आठ जागा 6-2 अशा रिपब्लिकन पक्षाकडे आहेत, कारण तो नकाशा पुन्हा काढायला न्यायालयाने 2024 आणि 2025 मध्ये नकार दिला. आणि पैशाचे संकट वाढले आहे. एप्रिल 2025 च्या न्यायाधीश निवडणुकीत सुमारे 10 कोटी डॉलर ओतले गेले, इलॉन मस्क स्वतः पुराणमतवादी उमेदवाराच्या प्रचारात उतरले, तरी उदारमतवादी सुझन क्रॉफर्ड दहा टक्क्यांनी जिंकल्या. 23 लाखांहून अधिक लोकांनी मत दिले, 2019 च्या जवळपास दुप्पट. न्यायाधीशाच्या खुर्चीवर इतका पैसा लागणे ही वाईट गोष्ट आहे, मग ती कोणीही जिंको.

तिथे राहणाऱ्या मराठी नागरिकांसाठी प्रत्यक्षातल्या काही अडचणी. पत्त्यावर 28 दिवस सलग राहिलेले असेल तर मतदानाच्या दिवशीही केंद्रावर नोंदणी होते. पण त्यासाठी पत्त्याचा पुरावा वेगळा आणि मत देण्यासाठी फोटो ओळखपत्र वेगळे लागते. फक्त लायसन्स घेऊन गेलेला, आणि त्यावर जुना पत्ता असलेला माणूस इथे अडकतो. टपालाने मत पाठवताना पाकिटावर साक्षीदाराची सही आणि पत्ता दोन्ही हवेत. पती-पत्नी एकमेकांचे साक्षीदार होऊ शकतात, मात्र साक्षीदार अमेरिकन नागरिक असावा लागतो, त्यामुळे अजून व्हिसावर असलेल्या जोडीदाराची सही चालत नाही. पाकीट मतदानाच्या दिवशी रात्री 8 पर्यंत पोचले पाहिजे. त्या दिवशी टपालात टाकले तर मत वाया जाते. आणि एप्रिलच्या मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते, तेव्हा उमेदवारांबद्दल घरूनच वाचून जावे.

2024 चा नकाशा हा साधा कायदा आहे. स्वतंत्र आयोग अजून नाही. 2030 च्या जनगणनेनंतर 2031 मध्ये विधिमंडळच पुन्हा रेषा ओढेल आणि नकाराधिकार असेल 2030 च्या नोव्हेंबरात निवडून आलेल्या गव्हर्नरकडे. एव्हर्स यांनी तिसऱ्यांदा लढणार नसल्याचे 2025 मध्येच जाहीर केले आहे. 2024 मध्ये सिनेटच्या 33 पैकी 16 जागांचीच निवडणूक नव्या रेषांवर झाली. उरलेल्या 17 जागांची पाळी 2026 च्या नोव्हेंबरात.